प्रशासकीय कायद्याचा अभ्यास कोठून सुरू करावा?

कायद्याच्या अभ्यासक्रमातील काही विषय विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत आपलेसे करतात. फौजदारी कायद्यात खून आणि दरोडे असतात. कौटुंबिक कायद्यात विवाह, वारसा आणि वाटण्या असतात. करारांच्या कायद्यात सारी बाजारपेठ डोळ्यांसमोर उभी राहते. प्रशासकीय कायद्याला असे भाग्य लाभलेले नाही. बेळगाव, मडगाव, वडोदरा, इंदूर किंवा हैदराबाद येथे कायदा शिकणाऱ्या आमच्या तरुण वाचकांकडे ह्या विषयाची चौकशी करावी, तर बहुधा एकच उत्तर येते: विषय रुक्ष आहे, व्याख्या पाठ होत नाहीत, परीक्षेपुरता वाचावा आणि सोडून द्यावा.

ह्या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. करारांचा कायदा म्हणून १८७२ चा अधिनियम हाती घेऊन दाखविता येतो. प्रशासकीय कायदा असा एका बांधणीत मिळत नाही. तो थोडा संविधानात आहे, थोडा शेकडो अधिनियमांच्या पोटात आहे, थोडा राजपत्रात छापलेल्या नियमांत आणि अधिसूचनांत आहे, आणि पुष्कळसा न्यायालयांच्या निवाड्यांत विखुरलेला आहे. नकाशा नसलेल्या गावात शिरल्यासारखी विद्यार्थ्याची स्थिती होते. तथापि गावात शिरण्याची एक वाट आम्हांस ठाऊक आहे, आणि ती आमच्या वाचकांच्या पायांखालची आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

कौटुंबिक साप्ताहिकात असला विषय कशाला, असेही कोणी विचारील. आमच्या बहुतेक कुटुंबांचा खुनाच्या खटल्याशी जन्मात संबंध येत नाही. परंतु शिधापत्रिका, घरपट्टी, बांधकामाचा परवाना, दुकानाचा परवाना, विधवेचे निवृत्तिवेतन, मुलाच्या जन्माची नोंद, ह्यांपैकी एकही गोष्ट ज्या घरात कधी आली नाही असे घर आम्हांस कोणी दाखवावे. ह्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी अधिकारी कोठल्यातरी कलमाखाली काहीतरी ठरवीत असतो. त्याने ते कसे ठरवावे, त्याची मर्यादा कोणती आणि ती ओलांडली तर दाद कोठे मागावी, एवढाच प्रशासकीय कायद्याचा प्रांत आहे. ह्याहून मोठी व्याख्या आरंभी पाठ करण्याची गरज नाही.

पाठ्यपुस्तके बहुधा डायसी ह्या इंग्रज पंडितापासून सुरुवात करतात. इंग्लंडात फ्रान्ससारखा वेगळा प्रशासकीय कायदा नाही आणि नाही हेच बरे, असे त्याने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. फ्रान्समध्ये सरकारविरुद्धचे तंटे निराळ्या न्यायालयांकडे जातात. १८७३ सालचा ब्लांको खटला त्या पद्धतीचा पाया मानला जातो. बोर्दो येथील सरकारी तंबाखू कारखान्याच्या गाडीखाली एक लहान मुलगी जखमी झाली होती, आणि भरपाईचा दावा कोणत्या न्यायालयाने ऐकावा हा प्रश्न होता. गोव्याच्या विद्यार्थ्याला हे इतके परके वाटणार नाही, कारण पोर्तुगीज अमलात तेथेही युरोपीय वळणाचेच प्रशासकीय न्यायाधिकरण होते, आणि मुक्तीनंतर १९६५ च्या अधिनियमाने पणजीत प्रशासकीय न्यायाधिकरणाची व्यवस्था पुढे चालू राहिली. हा सगळा इतिहास वाचावा. पण आमच्या मते तो शेवटी वाचावा. आरंभ एका घरापासून करावा.

१८६३ साली लंडनमध्ये कॉमन प्लीज न्यायालयापुढे कूपर नावाच्या गृहस्थाचा दावा आला. त्या महानगराच्या व्यवस्थेसाठी १८५५ मध्ये एक कायदा झाला होता. घर बांधणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी सात दिवस स्थानिक मंडळास सूचना द्यावी, आणि न दिल्यास मंडळास ते बांधकाम पाडता येईल, अशी त्यात तरतूद होती. कूपरचे म्हणणे, आपण सूचना पाठविली होती. वँड्सवर्थच्या मंडळाचे म्हणणे, ती पोचलीच नाही. बांधकाम दुसऱ्या मजल्यापर्यंत आले होते. एके दिवशी संध्याकाळी उशिरा मंडळाची माणसे आली आणि त्यांनी ते जमीनदोस्त केले. कूपरला आधी काही विचारले नाही, कळविलेही नाही.

आता विद्यार्थ्याने येथे थांबून स्वतः न्यायाधीश व्हावे. कायद्याच्या अक्षरांकडे पाहिले तर मंडळाची बाजू भक्कम आहे. पाडण्याचा अधिकार आहे. पाडण्यापूर्वी मालकाला बोलवावे असे कलमात कोठेही लिहिलेले नाही. तरीही न्यायालयाने निकाल कूपरच्या बाजूने दिला. कायदेमंडळ गप्प राहिले असले तरी न्यायाची रीत ती उणीव भरून काढते, असा त्या निकालाचा आशय आहे. कूपरला बोलाविले असते तर कदाचित त्याने सांगितले असते की टपालात घोटाळा झाला; कदाचित मंडळानेच म्हटले असते की घर नीट बांधले आहे, राहू द्या. न बोलाविल्यामुळे ह्या सर्व शक्यता विटांबरोबर ढिगाऱ्यात गेल्या.

त्या खटल्यात न्यायमूर्ती बाइल्स ह्यांनी एका जुन्या निवाड्याची आठवण दिली. १७१८ साली केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली ह्या थोर ग्रीक पंडिताच्या पदव्या काढून घेतल्या होत्या. तंटा मुळात चार गिनी शुल्काचा. पण बेंटलीने कुलगुरूंच्या न्यायासनाविषयी अनुदार उद्गार काढले आणि विद्यापीठाने त्याला न बोलाविताच शिक्षा ठोठावली. प्रकरण राजाच्या न्यायालयात गेले. १७२३ मध्ये तेथे न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू म्हणाले की, एका मोठ्या विद्वानाकडून ऐकलेली गोष्ट आपणास स्मरते: प्रत्यक्ष परमेश्वरानेही आदामाला बचावाची संधी दिल्यावाचून शिक्षा सुनावली नाही. बेंटलीच्या पदव्या परत मिळाल्या.

उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आमच्या वाचकांनी अनेकदा ऐकला आहे. तो एकदा वकिलाच्या दृष्टीने वाचून पाहावा. सर्वज्ञ परमेश्वराला आदाम कोठल्या झाडाआड लपला आहे हे ठाऊक नव्हते काय? तरीही तो हाक मारतो. मग आरोप स्पष्ट शब्दांत समोर ठेवतो: मना केलेल्या झाडाचे फळ खाल्लेस काय? आदाम आपली बाजू मांडतो आणि दोष एवेवर ढकलतो. लगेच एवेवर शिक्षा कोसळत नाही. तिलाही वेगळा प्रश्न विचारला जातो. ती सर्पाकडे बोट दाखविते. सर्पाला मात्र काही विचारलेले नाही, ही गोष्ट एखादा चिकित्सक विद्यार्थी वर्गात उपस्थित करील, आणि करावीच. पुढच्याच अध्यायात काइनालाही तुझा भाऊ कोठे आहे असे विचारले जाते. सदोमाविषयी ओरड झाली तेव्हा ती खरी आहे की काय हे उतरून पाहण्याचा परमेश्वराचा निश्चय अठराव्या अध्यायात सांगितला आहे. योहानच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात निकोदेम परूश्यांना हाच प्रश्न टाकतो की, माणसाचे ऐकून घेतल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरविते काय. प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाच्या प्रकरणी रोमन सुभेदार फेस्तस हाच नियम रोमनांची रीत म्हणून सांगतो.

लॅटिन भाषेत ह्या नियमाला ‘ऑडी आल्टेरम पार्टेम’ म्हणतात: दुसऱ्या बाजूचे ऐक. न्यायालयाच्या रिटांची लॅटिन नावे ऐकून विद्यार्थी बिचकतात, पण ‘कोर्पुस क्रिस्ती’चा सण पाळणाऱ्या घरातील मुलाने ‘हेबियस कॉर्पस’ला भिण्याचे कारण काय? त्यातला देह तोच. ‘मॅन्डेमस’ म्हणजे आम्ही आज्ञा करतो. ‘क्वो वॉरन्टो’ म्हणजे कोणत्या अधिकाराने? ‘प्रोहिबिशन’ आणि ‘सर्शिओरारी’ धरून ही पाच रिटे संविधानाच्या ३२ व्या आणि २२६ व्या अनुच्छेदांत नावानिशी दिली आहेत. नावे पाठ करण्यास एक संध्याकाळ पुरते. ती केव्हा मागावी हे समजण्यास खटल्यांतील हकीकती वाचाव्या लागतात.

भारतात हा नियम कसा रुजला ह्याचा एक ठळक टप्पा १९६७ सालचा बीनापाणी देई खटला. ओरिसातील ह्या महिला डॉक्टरची जन्मतारीख सरकारने स्वतःच्या चौकशीवरून बदलली आणि तिला मुदतीपूर्वी निवृत्त केले. चौकशीत काय आढळले ते तिला दाखविले नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हुकूम केवळ प्रशासकीय असला तरी त्याचा माणसाच्या हक्कांवर परिणाम होत असेल तर त्याचे ऐकून घेतलेच पाहिजे. तोवर आमचे काम न्यायनिवाड्याचे नव्हे, कारभाराचे आहे, असे म्हणून पुष्कळ कचेऱ्या ह्या नियमातून निसटत असत.

परंतु विद्यार्थ्याने सर्वांत अधिक वेळ द्यावा असा खटला आमच्या मते १९८५ चा ओल्गा टेलिस खटला होय. १३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले ह्यांनी मुंबईच्या पदपथांवर व झोपडपट्ट्यांत राहणाऱ्यांना हटवून आपापल्या मूळ गावी पाठविले जाईल अशी घोषणा केली. ऐन पावसाळ्यात लोकांची बिऱ्हाडे उचलली जाऊ लागली. पत्रकार ओल्गा टेलिस व इतरांनी न्यायालयात धाव घेतली. महापालिकेच्या हाती १८८८ च्या अधिनियमाचे ३१४ वे कलम होते, आणि त्यात रस्त्यावरील अडथळा ‘नोटीस न देता’ काढण्याचा अधिकार आयुक्तांना स्पष्ट शब्दांत दिला होता. कूपरच्या वेळी कलम मुके होते. येथे कलम बोलके होते, आणि तेही सरकारच्या बाजूने.

सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड हे पुण्यात जन्मलेले मराठी गृहस्थ. त्यांनी लिहिलेल्या निवाड्यात कलम रद्द केलेले नाही. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की, नोटीस न देण्याची ती मुभा आहे, आज्ञा नव्हे. मुभा क्वचित, तातडीच्या प्रसंगी वापरावी. एरवी ऐकून घ्यावे. पदपथावर राहणाऱ्यांपाशी उत्तरच काय असणार, मग त्यांना ऐकण्यात काय हशील, असा महापालिकेचा युक्तिवाद होता. तो न्यायालयाने नाकारला. माणसाला ऐकून घेण्याने निर्णय सुधारतो हे खरे. पण निर्णय सुधारो वा न सुधारो, ज्याच्यावर तो कोसळणार त्याला बोलू देणे ह्यातच त्याच्या माणूसपणाची कदर आहे, असा विचार त्या निवाड्यात आहे. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो हे वाक्य ह्याच निवाड्यातले म्हणून विद्यार्थी पाठ करतात.

आणि येथेच आमचा एक आग्रह आहे: निवाड्याचे शेवटचे पान वाचावे. पाठ्यपुस्तकात तत्त्व येते, हुकूम येत नाही. ओल्गा टेलिस खटल्याच्या अखेरीस न्यायालयाने म्हटले की, ह्या लोकांना जी संधी आयुक्तांनी द्यावयास हवी होती ती आता आम्हीच त्यांचे म्हणणे ऐकून दिली आहे. आणि पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, त्यांना हटवू नये. नंतर हटविण्यास हरकत नाही. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, पण तीही हटविण्याची पूर्वअट नव्हे. तत्त्व जिंकले, पदपथावरील कुटुंबे जिंकली असे म्हणणे कठीण आहे. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यातही असेच घडले. पासपोर्ट जप्त करताना कारण विचारले असता सार्वजनिक हितास्तव कारण देता येत नाही असे उत्तर मिळाले होते. न्यायालयाने नियमाचा विस्तार भव्य शब्दांत केला. परंतु सरकारने नंतर म्हणणे ऐकून घेण्याची हमी दिल्याने हुकूम औपचारिकपणे रद्द केला नाही. आधी शिक्षा, मग सुनावणी ही रीत तातडीच्या प्रसंगी क्षम्य असेल, पण तिची सवय लागू नये. एकदा निर्णय दिलेला अधिकारी मागाहून किती मोकळ्या मनाने ऐकेल, हे ज्याने कधी कचेरीच्या खिडकीपुढे उभे राहून पाहिले आहे त्याला सांगावयास नको.

घर पाडण्याचा प्रश्न १८६३ मध्ये संपला नाही, १९८५ मध्येही नाही. गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या राज्यांत आरोपींची घरे यंत्रे लावून पाडण्याचे प्रकार सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई व न्यायमूर्ती विश्वनाथन ह्यांनी सबंध देशासाठी निर्देश दिले. आधी कारणे दाखवा नोटीस. तिला निदान १५ दिवसांची, किंवा स्थानिक कायद्यात जास्त असेल तर तितकी मुदत. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवून शिवाय घरावरही चिकटविणे. ती निघाल्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याकडे त्याच वेळी जाणे, जेणेकरून मागील तारीख घालता येऊ नये. मालकाची प्रत्यक्ष सुनावणी. कारणांसह लेखी हुकूम. हुकुमानंतर पुन्हा १५ दिवस. आणि पाडकामाचे चित्रीकरण. हे मोडल्यास अधिकाऱ्याने स्वतःच्या खर्चाने घर पूर्ववत करून द्यावे आणि भरपाईही द्यावी, असेही त्यात आहे. कूपरच्या खटल्यातील एका वाक्याची ही कलमवार वाढ आहे. परंतु ह्याही निवाड्यातील अपवादाचा परिच्छेद विद्यार्थ्याने चुकवू नये. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे ओल्गा टेलिस खटल्यातील माणसे ह्या छत्राखाली येत नाहीत. त्यांना १९८५ च्याच निवाड्याचा आधार शोधावा लागतो.

ऐकून घेतले, पण ऐकणारा कोण? हा दुसरा नियम, आणि त्यासाठी आमच्या वाचकांपाशी एक उत्तम कथा आहे. दानिएलच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातील सुसान्नेची कथा कॅथॉलिक बायबलात आहे. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या प्रतींत ती बहुधा सापडत नाही. दोन वडीलधारे त्या वर्षी न्यायाधीश नेमलेले. त्यांची वासना सुसान्नेने झिडकारली म्हणून त्यांनी तिच्यावर व्यभिचाराचा आरोप रचला. फिर्यादी तेच, साक्षीदार तेच, आणि ज्या न्यायासनाचा लोकांवर दबाव तेही त्यांचेच. सभेने तिला मृत्युदंड दिला. तरुण दानिएलाने दोघांना वेगळे करून एकच प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन निराळी झाडे सांगितली.

१९६९ चा क्रैपाक खटला ह्या कथेइतका काळाकुट्ट नाही, म्हणूनच अधिक शिकवितो. भारतीय वनसेवेच्या पहिल्या भरतीसाठी जम्मू-काश्मीरमध्ये निवड मंडळ बसले. राज्याचे कार्यवाहक मुख्य वनसंरक्षक त्या मंडळाचे सदस्य होते आणि स्वतः उमेदवारही होते. आपल्या नावाचा विचार चालला असता ते बाजूला झाले. पण प्रतिस्पर्ध्यांचा विचार चालला असता बसून राहिले. यादीत त्यांचे नाव पहिले आले. त्यांनी लबाडी केली असे न्यायालयाने ठरविले नाही आणि ठरविण्याची आवश्यकताही मानली नाही. पक्षपाताचा वाजवी संभव पुरे. शिवाय कारभाराचे काम आणि न्यायाचे काम ह्यांतील भिंत आता फार पातळ झाली आहे, असे न्यायमूर्ती हेगडे ह्यांनी लिहिले आणि निवड रद्द झाली. संस्थांच्या कार्यकारी समित्यांवर बसणाऱ्या आमच्या वाचकांनीही हा निवाडा वाचण्यास हरकत नाही.

तिसरी गोष्ट विद्यार्थी सहसा विसरतात: निर्णय नेमका कोणाचा? १९४७ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्यास गोर्धनदास भानजी ह्यांना परवानगी दिली, आणि दोनच महिन्यांनी कळविले की सरकारच्या आदेशावरून ती रद्द करण्यात येत आहे. अधिकार नियमाने आयुक्तांचा होता, सरकारचा नव्हे. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, नागपूरच्या उच्च न्यायालयातून तेथे गेलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस ह्यांनी म्हटले की, हा हुकूम आयुक्तांचा नाहीच. आणि तो मनात काय होते ह्याच्या मागाहून दिलेल्या खुलाशांनी तारता येणार नाही. हुकूम त्याच्या शब्दांवरून वाचावा. १९७७ च्या डिसेंबरात मोहिंदरसिंग गिल खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी हेच सूत्र पुढे नेले: हुकुमात नसलेली कारणे शपथपत्रात भरता येत नाहीत. त्याच निवाड्यात त्यांनी नैसर्गिक न्यायाची परंपरा सांगताना आदामाच्या जोडीला कौटिल्याच्या अर्थशास्त्राचेही नाव घेतले आहे, हे आम्हांस विशेष आवडले.

सीमाभागातील वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न येईल. नोटीस आली, पण ती न समजणाऱ्या भाषेत असली तर? ह्यावर १९६२ चा हरिकिसन खटला पाहावा. नागपूरच्या ह्या स्थानबद्धाला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली गेली. त्याला हिंदी येत होते, इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदी तर्जुमा मागितला. राज्याची भाषा अजून इंग्रजी आहे आणि अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले आहे, असे उत्तर मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. समजेल अशा भाषेत लेखी दिल्याशिवाय ती कारणे कळविलीच नाहीत, असा त्याचा भावार्थ. हा खटला स्थानबद्धतेचा, म्हणजे स्वातंत्र्य हिरावण्याचा होता. घरपट्टीच्या प्रत्येक नोटिशीला तो जसाच्या तसा लावता येईल असे समजू नये. पण बेळगाव, बिदर किंवा हैदराबाद येथील मराठी घरात दुसऱ्या भाषेतील नोटीस येते तेव्हा विचार कोठून सुरू करावा, हे तो दाखवितो.

विद्यार्थ्याला एक साधा उपाय सुचवितो. घरात किंवा शेजारी आलेली एखादी खरी नोटीस घ्यावी, मालकाची परवानगी घेऊन. ती कोणत्या कलमाखाली निघाली ते पाहावे, ते कलम मूळ अधिनियमात उघडून वाचावे, ज्याने सही केली त्याला तो अधिकार दिला आहे का ते शोधावे, उत्तरास किती दिवस आहेत ते मोजावे, आणि कारण लिहिले आहे की नुसते ‘नियमानुसार’ म्हटले आहे ते तपासावे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा अधिनियम हाताशी आहेच. फाइलमधील शेरा मागविता येतो. अशा चार नोटिशा वाचल्यावर डायसी आपोआप समजू लागतो.

शेवटी ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्याविषयी, कारण तो आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी ह्या दृष्टीने पाहिला असेल. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २५ जानेवारी १९८३ रोजी प्रसिद्ध केलेल्या धर्मसंहितेत प्रशासकीय हुकुमांवर स्वतंत्र नियम आहेत. पन्नासावा नियम सांगतो की, कोणाएका व्यक्तीसंबंधी हुकूम काढण्यापूर्वी अधिकाऱ्याने आवश्यक माहिती व पुरावा मिळवावा आणि ज्यांच्या हक्कांना बाध येऊ शकेल त्यांचे शक्य तितके ऐकून घ्यावे. एक्कावन्नावा सांगतो की हुकूम लेखी असावा आणि तो निर्णयाचा असेल तर कारणे निदान थोडक्यात द्यावीत. इंग्रज न्यायाधीशांनी आदामाच्या कथेपासून जे काढले ते येथे सरळ नियमांच्या रूपात आहे. हुकूम मान्य नसेल तर ज्याने तो काढला त्याच्याकडेच आधी दहा दिवसांच्या आत लेखी विनंती करावयाची. तेथे काम न झाल्यास पंधरा दिवसांच्या आत वरिष्ठ धर्माधिकाऱ्याकडे दाद मागावयाची. पोप पौल सहावे ह्यांनी १९६७ मध्ये रोममधील अपोस्टोलिक सिग्नातुरा ह्या सर्वोच्च न्यायासनात अशा प्रशासकीय तंट्यांसाठी दुसरा विभाग उघडला, त्यामुळे शेवटची पायरी तेथे आहे. दहा आणि पंधरा दिवस फार थोडे आहेत असे वाटेल. परंतु संहितेने त्यांस ‘उपयुक्त दिवस’ म्हटले आहे, आणि २०१ व्या नियमात त्याचा अर्थ दिला आहे: ज्याला आपला हक्क ठाऊकच नाही, किंवा ठाऊक असून ज्याला काही करता येत नाही, त्याच्याविरुद्ध ती मुदत धावत नाही.